खडा 'कळकतो' का? (पिरोजा, फिरोजा, मोरचुदी)

प्रश्न, गुहागरहून: आजीच्या चांदीच्या अंगठीतला पिरोजा मी लहान असताना आकाशी होता, आता पार हिरवट दिसतो. आजी म्हणायची, "खडा कळकला गो." सोनार त्याला 'फिरोजा' म्हणाला, आणि कळकतं ते ताक, खडा नव्हे, असंही. बरोबर काय?

उत्तर: 'पिरोजा'च लिहा. जुन्या फारसीत 'पेरोज' म्हणजे विजयी. अरबीत 'प' नाही, म्हणून त्या वळणाने 'फिरोजा' झालं. 'फिरोज' हे माणसाचं नावही तेच. संस्कृत कोशांत 'पेरोज' आहे, आपल्याकडे 'पिरोजी' रंग आहे. इंग्रजीत त्यालाच 'टर्क्वॉइज' म्हणतात, म्हणजे 'तुर्की'. खडा इराणातल्या निशापूरच्या खाणींतला, पण युरोपला तो तुर्कांकडून मिळाला.

आता 'कळकणे'. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की आंबटपणाने तांबं सुटतं आणि ताक कळकतं, म्हणजे बिघडतं. पिरोज्यात तांबं मुळातच असतं. तांबं, ॲल्युमिनियम, फॉस्फेट आणि पाणी मिळून तो बनतो. निळाई तांब्याची, लोह वाढलं की हिरवी झाक. खडा सच्छिद्र असतो, तेल, घाम, साबण पितो आणि हिरवट पडतो. म्हणजे बाहेरचं काही आत मुरून बिघडला. रसायन वेगळं, पण आजींनी शब्द नेमका उचललाय. मी तो कोशात घालीन. त्या खोबरेल लावताना अंगठी काढायच्या का?

दुसरं उत्तर: रंगाबद्दल थोडं. आम्ही पोफळीवर कोळे रोगासाठी (सुपारीचा बुरशीचा रोग) पावसाआधी बोर्डो हे बुरशीनाशक मारतो: 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. नुसतं मोरचुदाचं पाणी झळझळीत निळं, त्याला आम्ही 'मोरचुदी' म्हणतो. चुन्याचं पाणी पडलं की तेच दुधट आकाशी होतं, ते पिरोजीच्या जवळ. दुकानदार दोन्ही रंगांना 'मोरपिशी' म्हणून साड्या विकतात, ते मला पटत नाही. मोरपिसात हिरवं चमकतं. पिरोजा चमकत नाही, तो मऊ निळा.

प्रश्नकर्ती: नाही काढायची. रोज सकाळी वेणीला खोबरेल, अंगठी बोटातच. मग आमच्या घरात खडा कळकलाच म्हणायचं.