मदत हवी आहे: ग्रेडियंट उभा लिहायचा की आडवा?

नमस्कार मंडळी. बारावीनंतर गणित सुटलं होतं, आता मशीन लर्निंगसाठी पुन्हा धरलंय आणि ∇ या उलट्या त्रिकोणापाशी, म्हणजे ग्रेडियंटपाशी (सगळी आंशिक विकलनं एकत्र मांडलेला सदिश), गाडी अडली आहे.

समजा फ(क्ष, य) = क्ष²·य. (टिंब मुद्दाम देतोय, नाहीतर पुढे 'क्षय' वाचाल!) य स्थिर धरून क्षने आंशिक विकलन केलं तर २·क्ष·य, आणि यने केलं तर क्ष². म्हणजे ∇फ = (२·क्ष·य, क्ष²), आणि (१, २) या बिंदूवर (४, १). इथपर्यंत ठीक.

पण एका पुस्तकात हेच उभ्या स्तंभात आहे, दुसऱ्यात १×२ च्या आडव्या ओळीत, आणि तिथे त्याला ग्रेडियंट न म्हणता नुसतं विकलज म्हटलंय. या दोन खरंच वेगळ्या गोष्टी आहेत की फक्त लिहिण्याची पद्धत? साखळी नियमात (फलनाच्या आत फलन असताना विकलन करायचा नियम) मॅट्रिक्स गुणायला गेलो की आकार जुळत नाहीत, म्हणून विचारतोय.

दुसरं, त्याच (१, २) बिंदूवर (३, ४) दिशेतला बदल काढताना मी (४, १) शी सरळ बिंदू-गुणाकार केला, १६ आलं. उत्तरात ३.२ आहे. ५ ने भागलंय हे दिसतं, पण ते का, हे कुणी आकृती काढून समजावेल का?