नेड स्टार्क तत्त्वासाठी मेला, की मुलांसाठी?

चैत्रपालवी

(पाचही पुस्तकांतल्या घटना मोकळेपणाने लिहिल्या आहेत. वाचून व्हायची असतील तर इथेच थांबा.)

रविवारी कमला नेहरू उद्यानात आपल्या वाचनकट्ट्यावर जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'वरून जोरदार वाद झाला आणि निघायची वेळ झाली म्हणून अर्धवट राहिला. तो इथे पुढे नेऊ या. बहुतेकांचं म्हणणं असं पडलं की नेड स्टार्क, म्हणजे उत्तरेचा सरदार आणि राजा रॉबर्टचा जुना मित्र, माणूस भला, पण भोळा. तत्त्वाला चिकटून बसला आणि डोकं गमावून बसला. मला हे अजिबात मान्य नाही.

तत्त्वाला चिकटून बसणारा माणूस खोटं बोलत नाही. नेड बोलतो, आणि ऐन मोक्याच्या वेळी बोलतो. शिकारीत जखमी होऊन मरायला टेकलेला रॉबर्ट मृत्युपत्र सांगतोय आणि नेड लिहून घेतोय. राजा म्हणतो 'माझा मुलगा जॉफ्री', नेड कागदावर लिहितो 'माझा वारस'. मित्र शेवटच्या घटका मोजत असताना राणी सर्सीची ही मुलं तुझी नव्हेत, तिच्या भावाची, जेमीची आहेत, हे त्याला सांगवत नाही. पुढे बेलॉरच्या मंदिरासमोर, अख्ख्या शहरादेखत, तो न केलेल्या राजद्रोहाची कबुली देतो, कारण त्याची मुलगी सॅन्सा राणीच्या माणसांच्या ताब्यात आहे. आणि सगळ्यात मोठं खोटं जॉन स्नोचं, ज्याला तो आपला अनौरस मुलगा म्हणून वाढवतो. टीव्ही मालिकेने २०१६ मध्ये ते उघड केलं. पुस्तकांत अजून कुणी तोंडाने बोललेलं नाही, पण पहिल्या खंडापासून खुणा पेरलेल्या आहेत. बहिणीचं मूल वाचावं म्हणून या माणसाने स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतला आणि सख्ख्या बायकोचा राग आयुष्यभर सोसला. ज्याला आपल्या इभ्रतीची पडलेली असते, तो हे करत नाही.

आता ज्याला सगळे मूर्खपणा म्हणतात ते बघा. सर्सीला बागेत गाठून तो सांगतो, 'मला कळलंय, मुलांना घेऊन पळ.' का सांगतो? आधीच्या राजाचा मुलगा रेगर, त्याच्या लेकरांची प्रेतं सर्सीच्या बापाने, टायविनने, लाल झग्यांत गुंडाळून सिंहासनासमोर ठेवली होती, तेव्हा रॉबर्टला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. ते नेडने पाहिलेलं आहे. आता सर्सीच्या तिन्ही मुलांची गत काय होणार हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? रॉबर्टचा धाकटा भाऊ रेनली शंभर तलवारी देतो, रातोरात मुलं ताब्यात घेऊ म्हणतो. घाबरलेल्या लेकरांना अंथरुणातून ओढून काढायला नेड तयार होत नाही. पहिल्या पुस्तकातली नेडची पंधराही प्रकरणं हे डोक्यात ठेवून परत वाचा. त्याच्या प्रत्येक 'चुकी'शी कुठलं तरी मूल आहे.

कोथरूडकर

पालवी, हेतू मान्य. पण हेतू चांगला म्हणून निर्णयाला माफी कशी? तो कुणी एकटा-दुकटा गृहस्थ नव्हता. राजाचा 'हात', म्हणजे मुख्य प्रधान होता. त्याच्या एका शब्दावर हजारो माणसं उभी होती.

आणि मुलांचीच काळजी होती म्हणता, तर त्याच्या स्वतःच्या मुली कुठे होत्या? त्याच किल्ल्यात, सर्सीच्या हाताशी! त्यांना घरी धाडायला जहाज ठरवलं होतं, तेही सर्सीला सगळं सांगून झाल्यावर हाकेच्या अंतरावर उभंच होतं. आधी मुली जहाजात बसवायच्या, जहाज बंदराबाहेर पडलं की मग सर्सीकडे जायचं. एवढा क्रम पाळला असता तर दया पण दाखवता आली असती आणि पोरी पण वाचल्या असत्या. साधा हिशेब होता हो. परक्याच्या मुलांसाठी आपली मुलं डावावर लावणारा बाप मला तरी थोर वाटत नाही.

कोठडीत राजाचा हेरप्रमुख वॅरिस त्याला तोंडावर सांगतो की राजा दारूने मेला नाही, तुझ्या दयेने मेला. लेखकाने ते वाक्य उगीच घातलेलं नाही.

नीलमोहर

कोथरूडकर, वॅरिसचं ते वाक्य सगळेच उचलतात, पण त्याच संभाषणात तो पुढे काय म्हणतो ते सोडून देतात. तो म्हणतो की सर्सी तशीही फार दिवस थांबणार नव्हती, रॉबर्ट तिला डोईजड व्हायला लागला होता. म्हणजे नेड गप्प बसला असता तरी राजा जाणारच होता. सर्सीचा चुलतभाऊ लॅन्सेल कडक दारू घेऊन शिकारीत राजाच्या बरोबर होताच. रॉबर्टचा खून नेडच्या माथी मारणं सरळसरळ चुकीचं आहे.

जहाजाचं मात्र पटतं. तिथे तो बाप म्हणून कमी पडला.

मुठाकाठ

तुम्ही सगळे राजवाड्यातल्या मुलांबद्दल बोलताय. मायका कुणाला आठवतोय का?

खाटकाचा पोरगा. नदीकाठी नेडच्या धाकट्या मुलीबरोबर, आर्याबरोबर, काठ्यांनी खेळत होता. जॉफ्रीने त्याच्या गालावर तलवारीचं टोक टेकवलं, आर्या मध्ये पडली, आणि पुढे त्याची किंमत मायकाने मोजली. जॉफ्रीचा अंगरक्षक, शिकारी कुत्रा म्हणवणाऱ्या सँडोर क्लिगेनने त्याला घोड्यावरून पाठलाग करून कापला. नेडने ते प्रेत बघितलं. मग काय केलं? पदाचा राजीनामा दिला? राजासमोर उभं राहून एका गरीब बापाच्या वतीने न्याय मागितला? काहीही नाही. त्याच लवाजम्याबरोबर राजधानीला गेला आणि कारभार हाती घेतला. सॅन्साच्या पाळलेल्या लांडगीला मारायची वेळ आली तेव्हा 'ती उत्तरेची आहे, कसायाच्या हातून मरणार नाही' म्हणून स्वतः तलवार घेतली. लांडगीला मान मिळाला, मायकाला तोही नाही.

दुसरं नाव थिऑन. त्याच्या बापाने, बेलॉनने, बंड केलं म्हणून दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा ओलीस आणला. बापाने पुन्हा डोकं वर काढलं असतं तर त्या पोराचं डोकं उडवायचं, हा करार होता आणि नेडला तो मान्य होता. मुलांवरची ही माया घराणं बघून येते, असं माझं स्पष्ट मत आहे. पालवीची मांडणी इथे कोसळते.

चैत्रपालवी

मुठाकाठ, मायकाचं तुम्ही लिहिलंत ते लागलं. त्या प्रसंगात नेड कमी पडतो, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण 'घराणं बघून माया' हे सगळ्या पुस्तकाला लागू होत नाही.

नदीखोऱ्यातल्या जळलेल्या गावांचे लोक दरबारात येतात, तो प्रसंग बघा. रॉबर्ट शिकारीला गेलाय, सिंहासनावर नेड बसलाय. गावं जाळणारा ग्रेगर क्लिगेन (मायकाला मारणाऱ्याचा भाऊ) म्हणजे टायविन लॅनिस्टरचा माणूस, म्हणजे राणीच्या बापाचा. मुरलेला राजकारणी त्या गावकऱ्यांना 'बघू, चौकशी करू' म्हणून वाटेला लावतो. नेड भर दरबारात ग्रेगरची सरदारकी काढून घेतो, त्याला मृत्युदंड सुनावतो आणि बेरिक डोंडॅरियनला माणसं देऊन रवाना करतो. ज्यांच्या वतीने हे केलं त्यांच्यापैकी कुणीही सरदार नव्हता.

आणि डेनेरिस? समुद्रापलीकडची, कधी न पाहिलेली, ज्या घराण्याने त्याच्या बापाला आणि भावाला मारलं त्या घराण्यातली गरोदर पोर. तिला मारायचा हुकूम निघाला तेव्हा नेडने पदाची खूण काढून रॉबर्टच्या पुढ्यात टाकली. शत्रूच्या लेकीसाठी पद सोडणारा माणूस घराणं बघतो, असं कसं म्हणता येईल?

थिऑनचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. बेलॉन पुन्हा उठला असता तर नेडने काय केलं असतं हे पुस्तक आपल्याला बघू देत नाही. मला वाटतं, त्याला ते जमलं नसतं.

पेठेतले आबा

तुमची चर्चा आवडीने वाचतोय. नातवाने ही पुस्तकं दिली, डोळे साथ देत नाहीत तरी तीन संपवली. मला नेडपेक्षा दुसऱ्यांकडे बघावंसं वाटतं. रॉबर्टच्या आधीचा राजा, वेडा एरिस, त्याच्या पदरी जे सात पांढऱ्या झग्याचे वीर होते त्यांच्याकडे. राजा जिवंत माणसं जाळायचा आणि हे दाराशी उभे. शपथ राजाच्या रक्षणाची. राजापासून दुसऱ्या कुणाच्या रक्षणाची नाही. हे वाचताना मला आपली द्यूतसभा दिसली. द्रौपदी प्रश्न विचारते आणि भीष्म सांगतात की धर्म फार सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. कौरव भावांत विकर्ण तेवढा उठून बोलला, वयाने लहान होता तरी.

इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माची फार कठोर झडती घेतली आहे. प्रतिज्ञा एकाची, पण अंबेपासून गांधारी, कुंती, माद्रीपर्यंत तिचे चटके बायकांनी सोसले, हे त्यांनी दाखवून दिलं. ते प्रथम वाचलं तेव्हा मी तरुण होतो आणि मला रागच आला होता. आज वाटतं, बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. शपथेमुळे माणूस मोठा दिसतो, पण ती पाळण्याची किंमत कोण देतंय हे विचारल्याशिवाय त्याला मोठा म्हणू नये.

वाचनवेडा

आबा, तुमचा मुद्दा थेट जेमी लॅनिस्टरपाशी नेतो. त्या सातांतला तोच एक होता ज्याने शपथ मोडली. एरिसने शहराखाली रानआग (भडकून पेटणारं रसायन) साठवून ठेवली होती आणि सगळं पेटवून द्या असा हुकूम सोडला होता. जेमीने आधी राजाचा किमयागार रॉसार्टला मारलं, मग राजाला. लाखो लोक वाचले आणि याला नाव पडलं 'राजघातकी'. तोही कुणाला काही सांगत बसला नाही. नेडने त्याला सिंहासनावर बसलेला पाहिला आणि एक प्रश्नही न विचारता मनात निकाल लावून टाकला.

हॅरनहॉलच्या न्हाणीघरातला प्रसंग मी कितीदा वाचलाय. हात तुटलाय, अंगात ताप आहे, गरम पाण्यात बसून तो त्याला पहाऱ्यात घेऊन निघालेल्या योद्ध्या बाईला, ब्रिएनला, हे सगळं पहिल्यांदा सांगतो आणि सांगता सांगता शुद्ध हरपते. सगळ्या मालिकेत माणसाच्या इमानाबद्दल यापेक्षा खरं काही लिहिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. राजाचं ऐक, बापाचं ऐक, निरपराधांना राख, दुबळ्यांना जप, इतक्या शपथा माणसाच्या गळ्यात बांधल्या की एक पाळताना दुसरी मोडणारच.

नीलमोहर

आणि ब्रॅन? नेडचा सात वर्षांचा मुलगा खिडकीत दिसला आणि याने ढकलून दिला.

वेडा, तुम्हाला जेमी आवडायला लागला तो तिसऱ्या पुस्तकात, २००० साली आलेल्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स'मध्ये. पहिल्या दोन खंडांत त्याच्या नजरेतून एकही प्रकरण नाही. लेखकाने आपल्याला त्याच्या डोक्यात नेऊन बसवलं आणि आपण त्याच्या बाजूचे झालो. सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून मराठी वाचकाचं कर्णाच्या बाबतीत हेच केलंय. कर्ण स्वतः बोलतो, आपण ऐकतो, आपला गळा दाटून येतो. सभेत द्रौपदीबद्दल तो काय बोलला ते मग मागे पडतं. अन् 'तिनेच स्वयंवरात सूतपुत्राला वरणार नाही म्हणून अपमान केला होता' हे कारण हमखास पुढे येतं. आपल्या विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचं ते वाक्य नाही, कर्णाचे सभेतले शब्द मात्र आहेत. म्हणजे त्याच्या बाजूचा हेतू नंतरच्या लोकांनी पुरवला. जेमीच्या बाबतीत वाचक तेच करताहेत. राजाला मारलं ते योग्यच होतं. पण मग रानआगीचे साठे पंधरासोळा वर्षं शहराखाली तसेच का राहू दिले? एका माणसाला जरी सांगितलं असतं तरी ते काढून टाकता आले असते. हे मौन निव्वळ घमेंडीचं होतं. लोक मला काय समजतात ते समजू देत, मी खुलासा करणार नाही, एवढ्यासाठी त्याने अख्खं शहर त्या धोक्यावर झोपू दिलं.

कोथरूडकर

रानआगीच्या साठ्यांचा मुद्दा बिनतोड आहे. जेमीच्या चाहत्यांकडून याचं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

मला विचाराल तर या सगळ्यांत डॅव्हॉस खरा. या तस्कराने चोरून कांदे आणून रॉबर्टचा भाऊ स्टॅनिस याचा वेढ्यातला किल्ला जगवला, आणि स्टॅनिसने त्याच माणसाला सरदारही केलं आणि आधीच्या तस्करीबद्दल बोटांची पेरंही छाटली. डॅव्हॉसने तो न्याय मानला. पुढे तोच स्टॅनिस एका मुलाचा बळी द्यायला निघाला तेव्हा डॅव्हॉसने त्या मुलाला पळवलं आणि स्वतः धन्यासमोर येऊन उभा राहिला. मुलगा आधी जहाजात, मग कबुली. मी वर म्हटलं तो क्रम हाच.

वाचनवेडा

नीलमोहर, साठ्यांबद्दल तुमचं म्हणणं जड आहे. पण माणूस बदलतो हे मानायचं की नाही? नेडच्या बायकोने, कॅटलिनने, तळघरात, गळ्याला तलवार लावून, दारू पाजून त्याच्याकडून शपथ घेतली होती की स्टार्क आणि टली घराण्यांवर पुन्हा शस्त्र उचलणार नाही. अशी शपथ कुणीही झटकून टाकली असती. 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये तो टलींच्या किल्ल्याला, रिव्हररनला, वेढा घालून बसलाय आणि तरीही ती शपथ त्याच्या मनातून जात नाही. शेवटी किल्ला घेतला तो एकही लढाई न करता. शब्द पाळला त्याने.

मुठाकाठ

कसा पाळला, तेही सांगा ना. एडम्युअर टलीला तंबूत आणलं, न्हाऊ-खाऊ घातलं, आणि शांतपणे सांगितलं की किल्ला दिला नाहीस तर तुझं मूल जन्मल्यावर गोफणयंत्रातून तटावरून फेकून देईन. एडम्युअरने किल्ला दिला. तलवार म्यानातच राहिली, म्हणून शपथ शाबूत! भीष्मांनीही प्रतिज्ञा अशीच अक्षरशः पाळली होती.

नेड आणि जेमीतला फरक मला इथे दिसतो, आणि पालवीचं मूळ म्हणणं इथे मला पटतं, मायका धरूनही. एकाने पोरांना धक्का लागू नये म्हणून शब्द मोडला, दुसऱ्याने पोराच्या जिवावर शब्द राखला.

पाचव्या पुस्तकात ब्रिएन जेमीला एकट्याला घेऊन निघालीय. जिला ती शपथ दिली होती ती कॅटलिन मरणातून उठून, गळा चिरलेल्या अवस्थेत, त्याच रानात माणसांना फासावर चढवत फिरतेय. सहावं पुस्तक येईल तेव्हा तो तिच्यासमोर उभा असेल आणि म्हणेल की मी शस्त्र उचललं नाही. तिने ते ऐकून घेऊ नये, असं मला वाटतं. एडम्युअर तिचा सख्खा भाऊ आहे.