एआयशिवाय कोड सुचतच नाही, पुढच्या शनिवारी राउंड आहे – मदत हवी आहे

अडलोय_पार
पुढच्या शनिवारी नोकरीच्या मुलाखतीचा कोडिंग राउंड आहे. गोरेगावला, कंपनीच्याच ऑफिसात. एआय चालणार नाही. रोजचं काम वेळेत होतं, पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. टूल सरळ बंद करू की त्याच्याचकडून शिकता येईल? नेमकं काय करायचं ते सांगा. ‘बेसिक पक्कं करा’ हे सांगू नका, ते माहीत आहे.

ठाणे_पूर्व
भाषा कोणती? एडिटर कोणता? राउंडला डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचे प्रश्न) आहे की छोटं एपीआय (दोन प्रोग्रामना जोडणारा कोड) लिहायचंय? आणि सुचत नाही म्हणजे प्रश्नच कळत नाही, पद्धत सुचत नाही, की पद्धत सुचते पण सिंटॅक्स आठवत नाही? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

करवंद
कोपायलट (एडिटरमध्येच कोड सुचवणारं एआय) वापरत असणार असं धरून सांगतो. व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये ‘इनलाइन सजेस्ट’ शोधा आणि ‘एनेबल्ड’ची खूण काढा. आपोआप येणाऱ्या ओळी थांबतात, चॅट चालू राहतं. खरं नुकसान त्या ओळींनीच होतं. फंक्शनचं नाव लिहून होतंय तोवर अख्खं फंक्शन समोर हजर, मग आपल्या हाती टॅब दाबणंच उरतं. समोर आलेलं वाचून पटणं वेगळं आणि स्वतः आठवून लिहिणं वेगळं.

जुना_परळकर
चॅटही नको, सगळं बंद. वही-पेन घ्या, कोड कागदावर लिहा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आखा आणि लूपच्या प्रत्येक फेरीला किंमत भरत जा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा नसते, पण हा ड्राय रन उभ्यानेही होतो.

अडलोय_पार
जावा. एडिटर इंटेलिजे, व्हीएस कोड नाही. डीएसए, दोन प्रश्न. पद्धत सुचत नाही.

सापसुरळी
मग जावात कशाला देताय? पायथनमध्ये निम्म्या ओळी लागतात. डिक्शनरी, हीप सगळं हाताशी.

ठाणे_पूर्व
@सापसुरळी, आठवड्यावर राउंड असताना भाषा बदलायला सांगू नका. अडचण पद्धतीची आहे, ती पायथनमध्येही तशीच राहील.

नल_चेक
इंटेलिजेत खालच्या पट्टीवर उजवीकडे कोपायलटचं चिन्ह असतं, तिथून कम्प्लिशन्स बंद करा. चॅट ठेवा. परळकरांशी एवढ्यापुरता असहमत: ड्राय रन हवाच, पण चुकलेली पद्धत कागदावरही बरोबर वाटू शकते, कारण उदाहरणंही आपणच सोयीची निवडतो. तिथे एआय कामाचं आहे.

प्रश्न घेतला की पहिली २५ मिनिटं चॅट उघडायचंच नाही. आधी तीन इनपुट हाताने लिहा: एक साधं, एक रिकामं किंवा एकाच घटकाचं, एक त्रासदायक (ऋण संख्या, शून्य, सगळे घटक सारखे). तिन्हींची उत्तरंही हातानेच काढा. पद्धत बहुतेक वेळा इथेच सापडते, कारण उत्तर काढताना तुम्ही काय केलंत तेच कोडमध्ये उतरवायचं असतं. मग सगळ्यात बाळबोध कोड लिहा, दोन लूप एकात एक असले तरी चालतील. तो चालला की मगच वेग वाढवायचा.

त्यानंतर चॅटमध्ये प्रश्न आणि तुमचा कोड द्या, आणि वर हे लिहा: ‘तयार कोड देऊ नकोस, दुरुस्त ओळही देऊ नकोस. माझा कोड चुकेल असं एकच लहान इनपुट दे. मी कारण सांगेन. कारण चुकलं तर एकच इशारा दे.’ चॅटजीपीटीत स्टडी मोड आहे, जेमिनीत गाइडेड लर्निंग. दोन्ही साधारण असंच वागतात, पण हट्ट धरला की उत्तर देऊन टाकतात. म्हणून सूचना लिहाच.

दोन गोष्टी सांभाळा. गप्पा लांबल्या की मॉडेल सूचना विसरतं आणि कोड ओततं, तेव्हा दर प्रश्नाला नवीन चॅट. दुसरं, चुकीच्या कोडलाही ते ‘छान, बरोबर आहे’ म्हणतं आणि त्याने सांगितलेलं अपेक्षित उत्तरही चुकू शकतं. इनपुट त्याचं घ्या, उत्तर स्वतः काढा, कोड स्वतः चालवा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न रिकाम्या फाइलीत, काहीही न बघता पुन्हा लिहा. ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं वाया.

करवंद
चाचण्यांबद्दल भर घालतो. एआयकडून टेस्ट लिहून घेतल्या तर त्यात १, २, ३ असेच आकडे येतात. जावात मॅपमधून (एका किमतीसमोर दुसरी किंमत ठेवणारी रचना) काढलेले दोन ‘इंटिजर’ तुम्ही दोन बरोबर-चिन्हांनी ताडून पाहिलेत, तर -१२८ ते १२७ पर्यंत ठीक चालतं, कारण तेवढे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवून पुन्हा वापरते. १२८ झालं की सहसा दोन वेगळे ऑब्जेक्ट येतात आणि उत्तर ‘फॉल्स’. टेस्ट सगळ्या हिरव्या, कोड मात्र चुकीचा. ‘इक्वल्स’ वापरा आणि टेस्टमध्ये एक तरी हजाराच्या पुढचा आकडा ठेवा.

मॉडेल_घरचं
ऑनलाइन टूल हवंच कशाला? ओलामा (स्वतःच्याच लॅपटॉपवर एआय मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, ७ अब्ज पॅरामीटरचं कोडिंग मॉडेल उतरवा. ४-बिटमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या रूपात, साधारण साडेचार-पाच जीबी होतं. नेट गेलं तरी चालतं आणि ऑफिसचा कोड बाहेर जात नाही. रॅम किती आहे?

अडलोय_पार
८ जीबी. कोपायलट बंद केलं तरी करड्या अक्षरांत ओळ येतेच आहे. काय करू?

मॉडेल_घरचं
८ जीबीत इंटेलिजे आणि मॉडेल एकत्र रखडतील. १६ करून घ्या, लॅमिंग्टन रोडला जुना रॅम बदलूनही देतात. आधी स्लॉट मोकळा आहे का ते बघा, काही लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच डकवलेला असतो.

नल_चेक
आठवड्यासाठी रॅम नको. करडी ओळ इंटेलिजेची स्वतःची आहे, त्याच्या अल्टिमेट आवृत्तीत २०२४.१ पासून येते. सेटिंग्ज, एडिटर, जनरल, इनलाइन कम्प्लिशन; तिथे ‘फुल लाइन’ची खूण काढा. नावं सुचवणारी साधी यादी राहू द्या.

सागरगोटा
डेटा सायन्सकडे वळायचं असेल तर संख्याशास्त्रापासून सुरुवात करा. पायथन, पांडाज, मग मशीन लर्निंग.

ठाणे_पूर्व
ते इथे कुणी विचारलेलं नाही. @अडलोय_पार, कुठल्या प्रश्नावर अडलात ते द्या, म्हणजे नेमकं बोलता येईल. आणि ऑफिसचा कोड चॅटमध्ये टाकत असाल तर आजच थांबवा. पासवर्ड, गुप्त कीज, ग्राहकांची माहिती त्यातूनच बाहेर जाते.

अडलोय_पार
करडी ओळ गेली. प्रश्न: अॅरेतले (आकड्यांच्या रांगेतले) असे सलग तुकडे मोजायचे ज्यांची बेरीज के आहे. मी स्लायडिंग विंडो (पुढे सरकत जाणारा सलग तुकडा) लावली: बेरीज के-पेक्षा जास्त झाली की डावीकडून कमी करायचं. [१, -१, ०] आणि के = ० ला चुकतंय. हातानं ३ येतात.

जुना_परळकर
तीन बरोबर: [१, -१], [०] आणि तिन्ही मिळून. आता विंडोचा रकाना भरून बघा. ऋण संख्या असली की विंडो वाढवल्यावर बेरीज वाढेलच याची खात्री राहत नाही, त्यामुळे ‘जास्त झाली म्हणून डावीकडून काढा’ हा निर्णयच चुकतो. सगळ्या संख्या धन असतील तर विंडो चालते. इथे नाही.

करवंद
सुरुवातीपासूनची बेरीज ठेवत जा. सध्याची बेरीज वजा के एवढी बेरीज आधी किती वेळा येऊन गेली, ते हॅशमॅपमध्ये बघा आणि मोजणीत मिळवा. मग सध्याची बेरीज मॅपमध्ये टाका. एकाच फेरीत काम होतं.

अडलोय_पार
तसं लिहिलं. आता १ येतंय, ३ यायला हवेत.

सापसुरळी
मॅपमध्ये सुरुवातीलाच…

नल_चेक
थांबा, सांगू नका. @अडलोय_पार, बेरजा १, ०, ० अशा येतात. पहिला शून्य येतो त्या क्षणी मॅपमध्ये काय आहे? [१, -१] हा तुकडा पहिल्या घटकापासून सुरू होतो. त्याच्या आधीची बेरीज किती, आणि ती मॅपमध्ये कुणी टाकली?

अडलोय_पार
आधी काहीच नाही, म्हणजे बेरीज ०. ती टाकलीच नव्हती. लूपच्या आधी मॅपमध्ये ० समोर १ टाकला. ३ आले. [३, ३, ३], के = ३ लाही ३ आले, हातानं काढलेत तेवढेच.

नल_चेक
उद्या हाच प्रश्न रिकाम्या फाइलीत लिहा. चालला की त्यात बदल करा: मोजणीऐवजी सगळ्यात लांब तुकड्याची लांबी काढा. तेव्हा मॅपमध्ये संख्येऐवजी जागा (घटकाचा क्रमांक) ठेवावी लागेल, आणि लूपच्या आधी ० समोर काय लिहायचं ते वहीवर काढून इथे टाका.