टाचेवरची पट्टी पांढरी होऊन फुगली आहे, काढू का?

अनवाणी: नव्या बुटांनी टाचेला फोड आला आणि फुटला. परवा हायड्रोकोलॉइड पट्टी लावली. आज मधोमध पांढरट फुगा दिसतोय, वासही येतोय. पू झाला का? आई म्हणते, पट्टी काढ, वारा लागू दे, खपली धरू दे.

जुनी सिस्टर: घाबरू नकोस. पट्टीच्या चिकट थरात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, जिलेटिन, पेक्टिन असतं. जखमेतून झिरपणारं पाणी पिऊन त्याचं जेल होतं, तोच तुझा फुगा. वरचा पॉलियुरेथेनचा पापुद्रा बाहेरचं पाणी आणि जंतू अडवतो.

वासाला मीही फसले आहे. नोकरीला नवीन असताना एका आजोबांच्या पाठीवरची पट्टी सोडवली, तर खाली पिवळट, बुळबुळीत, घाण वास. पू, पू म्हणून मी सीनियर सिस्टरना हाक मारली. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "आधी सलाइनने धू, मग बघ." धुतलं, तर खाली लालचुटूक दाणेदार नवं मांस! तेव्हापासून न धुता मी कुठल्याच जखमेबद्दल मत देत नाही.

आईचं म्हणणं पूर्वी सगळेच मानायचे. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर प्रयोग केले. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने नवी त्वचा आली. खपली कडक असते, नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. ओलाव्यात त्या सरळ पुढे सरकतात.

मुरुमग्रस्त: मुरमांवरच्या टिकल्या म्हणजे हेच का? माझ्या तर टिकतच नाहीत.

जुनी सिस्टर: हेच, फक्त पातळ. आधी क्रीम लावत असशील, म्हणून निघतात. कोरड्या त्वचेवर लाव. पिकून तोंड फुटलेल्या मुरमातलं पाणी ओढतात. आत खोल ठणकणाऱ्या गाठीला काही उपयोग नाही. निदान नखं तरी लागत नाहीत, माझ्या मते अर्धा गुण त्यातच आहे.

अनवाणी, जेल कडेपर्यंत आलं असेल तर पट्टी बदल. वर उपटू नकोस, त्वचेला समांतर ताणत सोडव. भोवती लाली पसरत असेल, गरम लागत असेल, ठणका किंवा ताप असेल, तर नवी न लावता डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर पायाच्या जखमेवर स्वतःच्या मनाने काहीच लावायचं नाही.

अनवाणी: धुतलं. खाली गुलाबी, कोरी कातडी. आईला दाखवली. म्हणाली, "बूट कधी बदलतेस?"