पाठाचा व्हिडिओ दुसऱ्याला दाखवून शिकवणं सुधारतं का?

पाड्यावरची_बाई
मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी एकत्र. वर्षात दोनदा वरून भेट झाली. दोन्ही वेळा हजेरी, पोषण आहाराची नोंद, शेरेबुकात सही, आणि गाडी परत. ‘माझं शिकवणं कसं आहे?’ हे कुणी पाहिलंच नाही.

म्हणून मोबाइलवरून कोचिंगसाठी शहाद्याच्या एका अनुभवी शिक्षिका मैत्रिणीला धरलं. आठवड्यातून एक पाठ, दहाच मिनिटं, मोबाइलवर काढायचा. बाजाराला खाली उतरलं की रेंज येते, तेव्हा पाठवायचा. ती पाहून व्हॉइस नोट पाठवते. अट एकच : एका वेळी एकच गोष्ट सुधारायची.

पहिल्याच क्लिपमध्ये दिसलं की प्रश्न विचारून मी थांबतच नाही, उत्तरही मीच देते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं : शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलतात. आता मी मनात आकडे मोजते. पावरी बोलणारी एक मुलगी जूनपासून गप्प होती, ती दिवाळीनंतर बोलली. यासाठी कुणाला डोंगर चढावा लागला नाही. तुमचं मत?

तापीकाठचा_मास्तर
ताई, मैत्रीण चांगली आहे, म्हणून जमलं. यात मोबाइलचं कौतुक कशाला?

उद्या हेच वरून आलं की काय होईल ते सांगतो. ‘दर शनिवारी क्लिप अपलोड करा, लिंक भरा, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका.’ आधीच रोज माहिती भरण्यात अर्धी मधली सुट्टी जाते. एकदा एका प्रशिक्षणात माझी क्लिप दूरच्या कुणीतरी तपासली. मुलगा म्हणाला, ‘मन्ही माय वावरमा गयी.’ मी मान डोलावली आणि पुढचं वाक्य विचारलं. शेरा आला : ‘चूक दुरुस्त केली नाही.’ अहो, पहिलीतलं अहिराणी पोर पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललं, तिथे मी व्याकरण काढू? वर्गात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं.

केळीचा_घड
कोचिंग म्हणजे क्लासेस ना? मी आधी तेच समजून आत आलो 😀

पाड्यावरची_बाई
नाही हो. शिक्षकासोबत बसून त्याचं शिकवणं सुधारायला मदत करणं. मास्तर, तुमचा तो शेरा वाचून राग आला. पण तो मोबाइलचा दोष की अहिराणी न समजणाऱ्या माणसाचा? तो माणूस वर्गात येऊन बसला असता तरी हेच लिहिलं असतं.

रावेरची_रजनी
दोघांच्या मधे एक पुरावा ठेवते. दक्षिण आफ्रिकेत एमपुमलांगा प्रांतात प्रशिक्षक वर्गात पाठवणं आणि टॅबलेट-फोनवरून मार्गदर्शन करणं, दोन्ही शेजारी ठेवून तपासलं. पहिल्या वर्षानंतर दोन्हीकडचा परिणाम जवळपास सारखा. तीन वर्षांनी मात्र वर्गात जाणारा प्रशिक्षक स्पष्ट पुढे निघाला. दूरच्या मार्गदर्शनाने मुलांचं इंग्रजी बोलणं थोडं सुधारलं, वाचन नाही.

आणि केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण, ‘निष्ठा’? ऑक्टोबर २०२० पासून ते ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आलं. मी भाजी निवडता निवडता दोन कोर्स संपवले, प्रमाणपत्रंही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातले शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्षाचे ५० तास असेच भरले तर कागद पूर्ण होईल, वर्गात काही हलणार नाही. ताईंच्या प्रयोगात निदान त्यांचा स्वतःचा वर्ग आहे.

तापीकाठचा_मास्तर
हे बरोबर. माझा विरोध बघण्याला नाही, बघून त्याचा अहवाल होण्याला आहे. मदत करणारा आणि गोपनीय अहवाल लिहिणारा एकच असेल तर कोण आपला फसलेला पाठ दाखवेल? सगळे पाठ करून घेतलेला, टाळ्यांचा पाठ दाखवतील. शिवाय पोरांचे चेहरे कुणाच्या फोनात फिरणार? पालकांना विचारलंत?

पाड्यावरची_बाई
विचारलं, पालकसभेत. आणि मोबाइल मुलांच्या मागे ठेवते, फळा आणि मीच दिसते. क्लिप मैत्रिणीने पाहिली की दोघी पुसून टाकतो.

पण वाचनाचं रजनीताईंनी म्हटलं ते खरं आहे. कोणतं पोर बोट ठेवून नुसतं पाठ म्हणतंय, हे मागून दिसत नाही. तिथे मी अडकलेय. मैत्रीण या सत्रात एकदा तरी वर येईल, पावसाने रस्ता ठेवला तर.

रावेरची_रजनी
तोवर वाचणाऱ्या एकाच मुलाचा आवाज टेप करा. चेहरा नको, दोन मिनिटं पुरे. कुठे अडखळतो ते आवाजात कळतं.

तापीकाठचा_मास्तर
आवाजाचं चालेल. माझ्याकडे तिसरीतला एक आहे, ‘ध’ आणि ‘घ’वर रोज थांबतो. ताई, तुमच्या मैत्रिणीला एक क्लिप माझीही पाठवली तर चालेल का? अहिराणी कळते ना तिला?

पाड्यावरची_बाई
माहेर तिचं शिरपूरचं. तुमच्यापेक्षा चांगली बोलेल.