मदत हवी आहे: उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांत मुलांचा गोंधळ होतो, गणही चुकतात

शिकवणी_फोंडा:
दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. व्याख्या सगळ्यांना पाठ आहेत. पण नवी ओळ दिली की मुले 'सारखा' किंवा 'जणू' शोधतात आणि तो शब्द नसला की अडतात. उलट 'जसे सांगितले तसे केले' हे वाक्यही उपमेत घालतात. वृत्तात अक्षरे बरोबर मोजतात, पण गण चुकतात. कुठून सुरुवात करू?

मांडवीकाठ:
ताई, शब्द शोधायची सवय आधी मोडा. वहीत दोन रकाने आखून घ्या: उपमेय (जिच्याविषयी बोलायचे ती वस्तू) आणि उपमान (जिच्याशी ती ताडून पाहायची ती). दोन्ही रकाने भरले तरच पुढे जायचे. 'जसे सांगितले तसे केले' यात उपमानाचा रकाना रिकामाच राहतो. 'हा मानकुराद आंबा त्या मानकुरादासारखा गोड' यात रकाने भरतात, पण दोन्ही वस्तू एकाच जातीच्या. ती साधी तुलना, अलंकार नव्हे.

मग एकच जोडी घेऊन सगळे अलंकार फिरवून दाखवा. पाणी आणि आरसा घ्या:

मांडवीचे पाणी आरशासारखे चकाकते. दोन्ही वस्तू वेगळ्या राहून साम्य सांगितले, म्हणून उपमा. (चकाकणे हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, तोही मुलांकडून लिहून घ्या.)
मांडवीचे पाणी जणू आरसाच. पाणी हे आरसाच असावे अशी कल्पना केली, म्हणून उत्प्रेक्षा.
मांडवीच्या आरशात माड वाकून पाहतात. पाणी आणि आरसा एकरूप झाले, म्हणून रूपक.
हे पाणी नव्हे, हा आरसाच! उपमेय नाकारले: अपन्हुती.
आरशाहूनही नितळ हे पाणी. उपमेय वरचढ ठरले: व्यतिरेक.
मांडवीसारखी मांडवीच. उपमानच मिळेना: अनन्वय.

पाण्याचे आणि आरशाचे नाते दर ओळीत कसे बदलत गेले ते दिसले की व्याख्या आपोआप समजते.

पेडणेकर_मास्तर:
वरच्या रूपकाच्या ओळीत माड 'वाकून पाहतात', म्हणजे तिथे चेतनगुणोक्तीही (माणसासारखे वागताना दाखवणे) आहे. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर बरोबर उत्तर खोडून दुसरे लिहितात. प्रश्नात ठळक केलेले शब्द असतील तर त्यांचाच अलंकार लिहायचा.

उत्प्रेक्षेत येणाऱ्या 'वाटे', 'गमे' यांवरूनही फसगत होते. 'मला वाटते पाऊस येईल' हा अंदाज आहे, उत्प्रेक्षा नाही.

लगक्रम:
गणांचे सांगतो. चुका बहुतेक जोडाक्षरापाशी होतात. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; त्यात ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू अक्षर. भुजंगप्रयात वृत्तात 12 अक्षरे, चार य गण, म्हणजे लगागा चार वेळा. ही ओळ फळ्यावर लिहा:

तुझ्या अंगणी येत दर्या निळासा

तुझ्याअं | गणीये | तदर्या | निळासा

'दर्या'तला 'द' ऱ्हस्व, पण पुढच्या 'र्या'चा आघात त्याच्यावर येतो, म्हणून गुरू. 'तुझ्या'तही पुढे जोडाक्षर आहे, पण 'तु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. मोठ्याने म्हणून घेतल्याशिवाय हा फरक कळत नाही. मुले डोळ्यांनी गण पाडतात, तिथेच चुकते. 'अं' अनुस्वारामुळे गुरू.

क्रम असा ठेवा: आधी ओळ जशीच्या तशी उतरवणे (ऱ्हस्व-दीर्घ चुकले की पुढचे सगळे चुकते), मग अक्षरे सुटी करणे, त्यावर ल-गा, तीन-तीनचे गट, शेवटी गणांची नावे. गण आठवायला 'यमाताराजभानसलगं' पुरते: हव्या त्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्या. य साठी यमाता, म्हणजे लगागा.

शिकवणी_फोंडा:
देव बरें करूं! आणखी एक विचारते. ओळीचे शेवटचे अक्षर लघु आले तर?

लगक्रम:
वृत्ताला तिथे गुरू हवा असेल तर गुरूच धरा. चरणाच्या शेवटी तशी सवलत आहे, मधल्या अक्षरांना नाही.