मदत हवी आहे: हेपॅटायटिस ई गरोदर स्त्रियांना मारक, मग गाभण माकडिणींना का नाही?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे काविळीची साथ आली. नळाचा पाइप नालीतून गेलेला होता आणि पाणी बंद झाले की सुटलेल्या सांध्यातून नालीचे पाणी आत शिरत होते. आम्ही खणले तेव्हा त्या सांध्यावर गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची कुजलेली पट्टी माझ्याच हाती आली. बहुतेक आजारी माणसे महिनाभरात वावरात जाऊ लागली. आठवा महिना लागलेली माझी चुलत वहिनी मात्र गेली. तपासणीत हेपॅटायटिस ई निघाला होता.

तेव्हापासून या विषाणूबद्दल मिळेल ते वाचतो आहे. १९८३ मध्ये सोव्हिएत विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि पुढे सायनोमोल्गस या लांब शेपटीच्या माकडांनाही ही लागण होते हे दाखवले. विषाणू किती दिवसांनी विष्ठेत उतरतो, यकृताला सूज केव्हा येते, एकदा झालेली लागण पुढे संरक्षण देते का, हे बरेचसे माकडांमुळेच कळले. (आमच्याकडची काळतोंडी वानरे ही नव्हेत; भारतात असे प्रयोग लालतोंड्या ऱ्हीसस माकडांवर झाले.)

माझे अडते ते इथे. शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते, पण गाभण ऱ्हीसस माकडिणींना हाच विषाणू दिला असता त्यांचा आजार इतर माकडिणींपेक्षा तीव्र झाला नाही. विषाणू पाण्यावाटे पोटात न जाता शिरेतून टोचला जातो, म्हणून हा फरक पडत असेल का? की गर्भारपणातील संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांचा मेळ माकडिणीत निराळा असतो? गाभण सशांमध्ये मृत्यू झाल्याचेही वाचले, परंतु सशांचा विषाणू निराळ्या प्रकारचा असल्याने त्यावरून आपल्याकडच्या जनुकीय प्रकार १ बद्दल कितपत बोलता येईल, हे मला ठरवता येत नाही.

विषाणुशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे. उत्तर अपुरे असले तरी चालेल, फक्त कुठवर खात्री आहे ते स्पष्ट सांगावे. वहिनीची आई मला दर भेटीत विचारते, "पोटुशी होती म्हणूनच गेली का हो, गुरुजी?" पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे.